खाल्ल्या मिठाचा पत्रा

मंगळवार पेठेत, जुन्या बाजारामागच्या बोळात
फार्गो आली ती क्रेनला लटकून,
नाक वर, मागची चाकं घासत,
शाळेत ओढून नेलेल्या पोरासारखी.

पेणचं मीठ वाहायची ही,
बोरघाट चढून भवानी पेठेत.
सहासष्ट सालची, सोपानराव कोंढऱ्यांची.
बावीस वर्षं मीठ,
मग धनकवडीत चिंचेखाली नुसती उभी.
आता शालनताईंचा मुलगा, म्हणजे सोपानरावांचा नातू,
खेड-शिवापूरला मिसळीचं हॉटेल काढतोय.
दारात ही राहणार. लोक फोटो काढणार.
"बाहेरून चकाचक करा मिस्त्री," तो म्हणाला,
"आत कोण बघतंय?"

हातोडीच्या दांड्यानं ठोकत एक फेरी मारली.
चांगला पत्रा बोलतो : टण्.
सडका नुसता हुं म्हणतो.
डावा मडगार्ड, हुं.
उजवं दार, हुं.
फूटबोर्ड काहीच बोलला नाही, दांडाच आत गेला.
बॉनेट मात्र खणखणीत,
मिठाचा हात तिथवर पोचलाच नव्हता.

दोन दिवस कापत होतो.
गंज कापताना चार बोटं पुढं जावं लागतं,
पत्रा पांढरा चमकेल तिथवर.
हे इनास मिस्त्रींनी शिकवलं.
"गंजावर दया करू नको, लिंब्या.
तो तुझ्यावर करायचा नाही."
क्वार्टर गेटजवळ त्यांचं गॅरेज. तेराव्या वर्षी लागलो.
जेवण त्यांच्याच घरी.
मोनिकाबाई आमटीत मीठ जरा जास्तच टाकायच्या,
कुणी काही म्हणायचं नाही.

तिसऱ्या दिवशी उजव्या दाराचा पत्रा सोलला.
आत मीठ.
खालच्या पन्हाळीत, मातीत कालवलेलं, करडं.
बोटाला लावून चाखलं.
अजून खारट.

त्याच्या वितभर वर, रंगाखाली, लांबीखाली
एक ठिगळ.
पत्र्याचं नव्हे,
वनस्पती तुपाचा डबा, चेपून सपाट केलेला,
हिरवं झाड अजून अर्धं दिसत होतं.
चार जागी टाके,
बाकी बोटभर जाड लांबी,
बाळाच्या गालासारखी गुळगुळीत.
गंज कापलाच नव्हता.
वरून झाकला होता.

टाका बघितला आणि ओळखला.
असा उलटीकडं कललेला टाका
मी एकाच हाताचा पाहिलाय,
डावखुऱ्या.

हातोडी खाली ठेवली. चहा सांगितला.
चहा पिऊन झाला तरी बसलो.
कोंढऱ्यांकडे तेव्हा पैसे नसतील.
की मिस्त्रींकडे पत्रा नसेल.
की दोघं हसले असतील, आत कोण बघतंय.
आणि पंच्याऐंशी साल असेल
तर ही लांबी मीच घासली असेल,
वॉटर पेपर बादलीत बुडवून बुडवून,
शीळ घालत,
आपलं काम किती सुंदर झालंय म्हणत.

संध्याकाळी शालनताई रिक्षानं आल्या.
दाराच्या सांगाड्यात हात घातला,
डबा बोटानं टिचकावला.
"हे कुणी केलं होतं हो?"
"काय माहीत," मी म्हणालो. "लई जुनं काम आहे."
"असेल कुणी चोर."

मी ग्राइंडर चालू केला.

अठरा गेजचा पत्रा आणला, पुठ्ठ्याचं माप कापलं.
आतून डॉली, बाहेरून हातोडी,
एका जागी दोनदा मारायचं नाही, पत्रा ताणतो.
मीठ खरवडलं, पन्हाळ तीनदा धुतली,
आतून रेड ऑक्साईडचे दोन हात दिले.
पोरगा हिशेब बघून म्हणाला, हे कशाचे?
म्हटलं, देऊ नका.

दार बसवलं, ठोकलं.
टण्.

भंगारवाल्यानं तो डबाही मागितला, किलोच्या भावात.
दिला नाही.
चारी टाक्यांना तेल पुसून
वरच्या फळीवर ठेवलाय, डॉलीच्या मागं,
झाड भिंतीकडं करून.